लघवीची जळजळ, तीन कोर्स अँटिबायोटिक आणि भावाच्या बॅगेतली बाटली

पत्र: मावशी, आम्ही म्हापशाजवळ राहतो. माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा, सीझनला मोरजीच्या बाजूला एका शॅकवर बारमध्ये काम करतो. गेले पाच-सहा महिने त्याला सारखी लघवीला होते, रात्री तर दर अर्ध्या तासाला उठतो, जळजळ होते, ओटीपोट धरून वाकून बसतो. फॅमिली डॉक्टरांनी तीन वेळा अँटिबायोटिक दिलं, चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच. आई म्हणते उन्हाळी लागलीय, धण्याजिऱ्याचं पाणी, शहाळं, सगळं चालू आहे. परवा कपडे धुवायला काढताना त्याच्या बॅगेत काचेची छोटी बाटली सापडली, लेबलवर केटामाइन लिहिलेलं. विचारलं तर म्हणाला हे काय ड्रग्ज नाही, इस्पितळात लहान मुलांनासुद्धा देतात, डिप्रेशनवर पण देतात, याची सवय लागत नाही. मावशी, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का? बाबांना सांगू का, ते खूप रागीट आहेत. डॉक्टरला खरं सांगितलं तर पोलीस येतील का? शॅकच्या मालकाला सांगावं का? मला काही सुचत नाही. — एक बहीण

उत्तर:

बाये, संबंध आहे. तुझं पत्र वाचताना बाटलीचा उल्लेख यायच्या आधीच मनात पाल चुकचुकली होती, कारण चोविशीतला मुलगा, रात्री दर अर्ध्या तासाला लघवी, तीन कोर्स होऊनही फरक नाही, हे साध्या उन्हाळीचं लक्षण नाही. तुझ्या भावाला तपासल्याशिवाय छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, मी तर डॉक्टर नाही, ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून नोकरी केलेली बाई आहे, पण ही बाटली आणि हे दुखणं एकत्र दिसल्यावर पहिला संशय केटामाइनचाच घ्यायचा.

होतं काय की हे औषध शरीरात फुटून शेवटी लघवीवाटे बाहेर पडतं, आणि बाहेर पडेपर्यंत मूत्राशयात साचून राहतं. ऑपरेशनपुरतं एकदा दिलं तर त्याने काही बिघडत नाही, पण आठवड्यातून चार-पाच वेळा, महिनोन्महिने घेतलं की मूत्राशयाचं आतलं अस्तर सोलवटतं, जखमा होतात, मग ते आकसत जातं. धडधाकट माणसाच्या मूत्राशयात 400-500 मिली लघवी मावते, या मुलांची क्षमता बिघडत बिघडत 100 मिलीच्याही खाली जाऊ शकते. मग दर अर्ध्या तासाला उठावं लागणारच ना. पुढे रक्त पडतं, आणि त्याहून पुढे लघवी वरच्या बाजूला तुंबून किडन्यांना सूज येते. हा आजार डॉक्टरांच्या लिखाणात पहिल्यांदा नीट मांडला गेला तो 2007 मध्ये, कॅनडातून, आणि त्याच सुमारास हाँगकाँगमधूनही, कारण तिथल्या तरुण मुलांमध्ये हे भयंकर पसरलं होतं. म्हणजे तशी अलीकडचीच गोष्ट, त्यामुळे गावातल्या फॅमिली डॉक्टरच्या पटकन डोक्यात आलं नाही तर त्यांना दोष देऊ नको.

आणि त्यांच्या हातात रिपोर्ट कसा येतो ते पण बघ. लघवीच्या साध्या तपासणीत पेशी, साखर, प्रथिनं, जंतू हे बघतात, केटामाइन त्यात दिसतच नाही. दिसतात त्या पस सेल्स आणि रक्ताच्या पेशी, कारण आत जखम आहे. पस सेल्स दिसल्या की कुणीही डॉक्टर इन्फेक्शन धरून अँटिबायोटिकच लिहिणार. कल्चर केलं तर बहुतेक वेळा जंतू काहीच उगवत नाहीत, पण एवढ्या तेवढ्यासाठी कल्चर कोण करायला जातं. म्हणून सांगते, तुझ्या सगळ्या प्रश्नांच्या आधी हे एकच काम आहे, डॉक्टरच्या समोर बसून केटामाइन हे नाव तोंडातून बाहेर पडलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर. नाव दडवलं तर चौथा कोर्स होईल, पाचवा होईल, पोर नुसतं झिजत राहील.

मधे चार दिवस बरं वाटतं ते कशामुळे याचा पण विचार कर. गोळ्यांच्या दिवसांत तो घरी असतो, आई डोळ्यासमोर असते, घेतलं जात नसेल किंवा कमी घेतलं जात असेल. आणि या सगळ्यात वाईट फास कुठला सांगू, केटामाइन हे मुळात वेदना मारणारं औषध आहे. ओटीपोटात कळ उठली की थोडं ओढलं की कळ थांबते, म्हणजे ज्याने जखम झाली त्यानेच तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि जखम आणखी खोल जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हा मजा मारतोय, आणि तो खरं म्हणजे दुखणं दाबायला घेत असतो. त्याला पोटात वर, बरगड्यांच्या खाली पण कळा येतात का, अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या खातो का, ते पण विचार. ज्यांचं जास्त होतं त्यांना तिथेही दुखतं, यकृताच्या पित्तनळ्या फुगतात.

आता तुझा भाऊ जे म्हणतो त्यातलं खरं काय ते सांगते, कारण तू त्याच्याशी बोलायला बसशील तेव्हा तुला उत्तर देता आलं पाहिजे, आणि तो अगदीच खोटं बोलत नाहीये.

केटामाइन हे औषध आहे, आणि फार मोलाचं औषध आहे. 1962 साली अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीत ते तयार झालं, 1970 मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली, व्हिएतनामच्या युद्धात जखमी सैनिकांवर वापरलं. 1985 पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. कारण असं की भूल देणाऱ्या बाकीच्या पुष्कळ औषधांनी श्वास मंदावतो, बीपी पडतं, याने तसं कमी होतं, म्हणून जिथे मोठी मशिनरी नाही अशा लहान इस्पितळांत, अपघाताच्या पेशंटला, भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग करताना, लहान मुलांना, अशा ठिकाणी हे हाताशी लागतंच. जनावरांच्या डॉक्टरांकडेही असतं, त्यावरून घोड्याचं इंजेक्शन असं नाव पडलंय.

पण इस्पितळात ते कसं देतात ते मी रोज बघितलंय. आधी पोट रिकामं ठेवतात, सहा तास काही खायचं नाही. वजन करून डोस काढतात. हाताला सलाइन, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, डोक्याशी भुलीचे डॉक्टर उभे, बाजूला सक्शन चालू करून ठेवलेलं कारण या औषधाने तोंडात लाळ फार सुटते. औषध गेलं की मिनिटभरात पेशंट गप्प होतो पण डोळे उघडेच राहतात, बुबुळं हळूहळू इकडून तिकडे सरकत असतात, कधी हात उचलला जातो, कुणी नवीन सिस्टर असली की तिला वाटतं हा जागाच आहे. जागा नसतो. त्याचं मन आणि शरीर एकमेकांपासून तुटलेलं असतं, काप मारला तरी कळत नाही. आणि शुद्धीवर येताना कित्येक जण घाबरतात, रडतात, आपण मेलो होतो म्हणतात, म्हणून तेव्हा खोलीत दिवे मंद करायचे, भांडी वाजवायची नाहीत, कुणीतरी हळू आवाजात नावाने हाक मारत बसायचं, गरज पडली तर डॉक्टर शांत करायचं इंजेक्शन देतात. एका पेशंटभोवती आम्ही चार माणसं असायचो. वागातोरच्या पार्टीत किंवा शॅकच्या मागे वाळूत त्याच्या डोक्याशी कोण उभं असतं? जे सोबत असतात त्यांनी पण घेतलेलं असतं.

डिप्रेशनचं म्हणतो ते पण खरं आहे. अमेरिकेत 2019 मध्ये याच औषधाच्या एका प्रकाराला, नाकात मारायच्या स्प्रेला, मान्यता मिळाली, पण ते कुणाला तर ज्यांना बाकीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत त्यांना, आणि ते सुद्धा दवाखान्यातच घ्यायचं, घेतल्यावर निदान दोन तास तिथेच बसवून ठेवतात, त्या दिवशी गाडी चालवायला देत नाहीत. भावाला खरंच उदास वाटत असेल, आणि तो हे त्यासाठीच घेत असेल, तर ते गंभीरपणे घे हं, वाद म्हणून उडवून लावू नको. त्याच्यावर उपचार आहेत, ते वेगळे मागायचे.

सवय लागत नाही हे मात्र साफ चुकीचं. दारू अचानक सोडली की जसं अंग थरथरतं, फिट येतात, तसं याच्यात सहसा दिसत नाही म्हणून मुलांना वाटतं सवय नाही. पण आधी जेवढ्याने भागायचं तेवढ्याने पुढे भागत नाही, डोस वाढतच जातो, सोडल्यावर जीव कासावीस होतो, झोप उडते, चिडचिड, उदासी, आणि सारखी तीच ओढ. रोज घेणाऱ्यांची स्मरणशक्ती मार खाते. कालचं बोललेलं आठवत नाही, ऑर्डर विसरतो, असं काही त्याचं होतंय का बघ.

एक गोष्ट मात्र आजच घरातल्या कुणाला तरी सांगून ठेव, कारण मूत्राशयाला महिने लागतात पण हे एका रात्रीत होतं. बियर, फेणी, उराक याच्यावर हे घेतलं की दोन्ही मिळून शुद्ध आणि श्वास दोन्ही खाली ओढतात, त्यात उलटी झाली की ती छातीत जाते. आणि हात-पाय हलत नाहीत अशा अवस्थेत माणूस पाण्यात असला तर गुडघाभर पाणीसुद्धा पुरतं. 2023 मध्ये मॅथ्यू पेरी हा अमेरिकन नट घरच्या हॉट टबमध्ये मेलेला सापडला, केटामाइनचा परिणाम हे कारण दिलं होतं आणि बुडणं हा त्यातलाच भाग. आपल्याकडे तर दर्या दारात, पार्टी संपली की पोरं पहाटे पाण्यात उतरतात, तेव्हा जीवरक्षक टॉवरवर नसतो. तो कधी घरी आला आणि हाका मारून ओ देत नाही असं झालं तर कुशीवर वळव, तोंड मोकळं ठेव, 108 ला फोन कर, आणि येणाऱ्या माणसांना काय घेतलंय ते स्पष्ट सांग. लिंबूपाणी, ताक, मीठपाणी काहीही घशात ओतायचं नाही, थोबाडीत मारून उठवायचं नाही, झोपू दे उतरेल म्हणून एकटं सोडायचं नाही.

आता बोलायचं कसं. शिफ्टवरून आल्यावर रात्री नको, दुपारी जेवून उठल्यावर, आई शेजारी गेलेली असताना, तुम्ही दोघंच. बाटलीपासून सुरू करू नको, दुखण्यापासून कर. "तुला रात्रभर उठताना मी ऐकते, मला बघवत नाही, हे इन्फेक्शन नाही, हे त्या केटामुळे होतंय आणि आत्ता थांबलं तर भरून येऊ शकतं," एवढंच बोल आणि गप्प राहा. का घेतोस, कुणी दिलं, किती पैसे उडवलेस, हे प्रश्न आज नकोत. त्याला कदाचित ठाऊकच नसेल की हे दुखणं केटामाइनचंच आहे, पुष्कळांना नसतं. आणि खरं आहे ते सांग, लवकर थांबलं की बऱ्याच जणांचं मूत्राशय सुधारतं, सगळ्यांचं पूर्ण सुधारत नाही, आणि चालूच ठेवलं तर कुठल्याच गोळीचा उपयोग नाही, काहींवर शेवटी आतड्याचा तुकडा लावून मूत्राशय मोठं करायचं ऑपरेशन करावं लागतं.

बाटलीवरून ओढाताण करू नको आणि गुपचूप फेकूनही देऊ नको, गुपचूप फेकलीस तर तुझ्यावरचा विश्वास जाईल आणि दुसरी येईल. लेबलवरचं नाव आणि ताकद कागदावर उतरून घे, डॉक्टरला तो कागद पुरतो, बाटली घेऊन स्कूटरवर फिरायचं काही कारण नाही.

डॉक्टरकडे जायच्या आधी तीन दिवस एक काम त्याच्याकडून करून घे. मिलीच्या खुणा असलेला एक प्लास्टिकचा मग बाथरूममध्ये ठेव, तो फक्त याच्यासाठी. दर वेळी लघवी त्यात करायची आणि वहीत वेळ आणि किती मिली ते लिहायचं, रात्रीचं पण. दुखलं किंवा लाल दिसलं तर बाजूला खूण. युरॉलॉजीवाले, म्हणजे लघवीच्या आजारांचे डॉक्टर, पहिलं हेच मागतात, आणि दुसरं म्हणजे त्याला स्वतःला 60, 50, 80 असे आकडे खाली खाली लिहिताना जे कळेल ते तुझ्या-माझ्या बोलण्याने कळणार नाही.

मग बांबोळीला जा. गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, युरॉलॉजीची ओपीडी आहे, आणि मानसोपचार आणि व्यसनासाठीचं इस्पितळ आयपीएचबी, ते पण बांबोळीलाच, म्हणजे म्हापशाहून पणजीमार्गे कदंबा बसने गेलात की एका फेरीत दोन्ही होतं. दोन्ही ठिकाणी जायचं, एक सोडून चालणार नाही, नुसतं मूत्राशय बघितलं तर ओढ तशीच राहते आणि नुसतं व्यसन बघितलं तर दुखणं त्याला परत त्याच्याकडे नेतं. सोनोग्राफी, किडनीसाठी क्रिएटिनिन, यकृताची तपासणी हे करतील, गरज वाटली तर दुर्बिणीने आतून बघतील. दुखण्यासाठी दुसरं औषध मागून घ्या, हे विसरू नका, कारण दुखणं झाकलं नाही तर तो टिकणार नाही. आणि एकदम बांबोळी गाठायचा धीर होत नसेल तर आधी फोन कर, मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446, दोन्ही सरकारी आणि फुकट. ताप, थंडी, पाठीत कंबरेच्या वर कळ, किंवा लघवी अडली तर मात्र ओपीडीची वाट बघू नका, रात्र असली तरी सरळ कॅज्युअल्टीत.

पोलिसांचं. डॉक्टर पेशंटची माहिती गुप्त ठेवायला बांधलेले असतात, मानसिक आरोग्य कायदा 2017 मध्ये तर तो पेशंटचा हक्क म्हणूनच लिहिलाय. केटामाइन 2011 पासून एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, जवळ बाळगणं गुन्हाच आहे, औषधाच्या दुकानात पण ते शेड्यूल एक्समध्ये येतं, चिठ्ठीशिवाय मिळत नाही. पण त्याच कायद्यात 64-अ कलम आहे, सेवनाचा किंवा अगदी थोड्या प्रमाणाचा मामला असेल, आणि व्यसनात अडकलेला माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य इस्पितळात उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं, उपचार अर्ध्यात सोडले तर ते काढून घेता येतं. म्हणजे तुझी भीती जिकडे आहे तिकडे खरं तर आडोसा आहे. धोका आहे तो बॅगेत बाटली घेऊन फिरण्यात, आणि त्याहून जास्त दुसऱ्याला देण्यात. बारमधली मुलं कस्टमरने मागितलं म्हणून आणून देतात, दोन पैसे सुटतात, पण कायद्याला ती विक्री दिसते, तिथे 64-अ कामाला येत नाही. हे त्याला शांतपणे एकदा सांग.

बाबांचं. आज नको. आधी भावाशी, मग त्याच्याबरोबर बसून ठरवा बाबांना कोण सांगणार आणि काय सांगणार. पण लपवून मात्र ठेवू नका, बांबोळीच्या फेऱ्या आणि औषधं लपत नाहीत. माझं मत विचारशील तर बाबांना व्यसनापासून न सांगता आजारापासून सांगा, मूत्राशयाला जखम आहे, किडनीवर जाऊ शकतं, आणि ती या पदार्थाने झालीय. रागीट माणूस पोराच्या किडनीचं ऐकून पहिला गाडी काढतो, असं मी कॅज्युअल्टीच्या दारात पुष्कळ बघितलंय. मारहाण होईल अशी भीती असेल तर एखाद्या मामाला, काकाला, ज्याचं बाबा ऐकतात त्याला मधे घ्या.

एक मनातलं बोलते. आपल्याकडे चाळीस-पन्नास वर्षं असंच म्हणत आलेत की हे सगळं किनाऱ्यावरच्या गोऱ्यांचं, आपल्या पोरांचा याच्याशी काय संबंध. हणजूण-वागातोरच्या पार्ट्यांत ग्लास भरणारी, पार्किंग सांभाळणारी, पहाटे खुर्च्या उचलणारी मुलं पेडण्याची, बार्देशची, डिचोलीची आहेत, आपलीच आहेत, आणि पहाटे चारपर्यंत उभं राहायचं, परत दुपारी बाराला हजर व्हायचं, यात कुणीतरी "घे, हलकं वाटेल" म्हणून पुडी पुढे करतं. मला त्या पोरांचा राग येत नाही, त्यांना असं राबवणाऱ्यांचा येतो.

शॅकच्या मालकाला सांगू नको, त्याने नोकरी जाईल आणि हाती काही लागणार नाही. तसेही पावसाच्या आधी शॅक उतरवतात, ऑक्टोबरपर्यंत तिथे काम नसतं, ते महिने उपचाराला मिळतायत ते वाया घालवू नका. पुढच्या सीझनला त्याच जागी, त्याच शिफ्टला परत जायचं की म्हापशात, पणजीत दिवसाचं काही बघायचं हे तोपर्यंत त्याचं त्याला ठरवू दे, पण विषय काढून ठेव. आईचं धण्याजिऱ्याचं पाणी, शहाळं चालू राहू दे, त्याने अपाय नाही, फक्त त्याच्या भरवशावर थांबू नका. चहा-कॉफी आणि दारू मात्र बंद, त्याने जळजळ वाढते. वही भरून झाली, डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळलं, की मला परत लिही, रिपोर्टमध्ये काही समजलं नाही तर ते पण लिही.